कावेरीकाठचे कंद : तंजावरच्या बागेतील वसंत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, की तंजावरच्या मराठी माणसाची लेखणी आपोआप राजवाड्याच्या दिशेने वळते. सरस्वती महालातील पोथ्या, मोडी लिपीतील रुमाल, बृहदीश्वराच्या प्राकारात १८०३ साली कोरविलेले भोसले वंशाचे चरित्र, शहाजीराजांची नाटके या विषयांवर अधिकारी विद्वानांनी विपुल लेखन केले आहे. प्रस्तुत लेखकाचा अधिकार त्या मानाने फारच लहान क्षेत्रावर चालतो. विहिरीपासून न्हाणीघरापर्यंतचे परस, त्यातील चार वाफे आणि पंधरा-वीस कुंड्या, एवढेच ते क्षेत्र. तथापि याच मातीत खुरपे चालविता चालविता एक प्रश्न मनात आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता अखेर इतिहासापाशीच येऊन पोहोचलो. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न साधा आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांकडून मार्च-एप्रिलच्या सुमारास छायाचित्रे येऊ लागतात. बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या अंगणात ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ यांचे ताटवे फुललेले असतात. शरदात पुरलेला कांदा हिवाळाभर बर्फाखाली निजतो आणि वसंताची चाहूल लागताच फूल घेऊनच वर येतो, हे त्यांना मोठे नवल वाटते. पाठोपाठ विचारणा येते, की आपल्या तंजावरला वसंतात असे काही फुलते का? आपण बहुधा उत्तर देतो, की छे, येथे कुठला वसंत! येथे एक उन्हाळा आणि दुसरा पाऊस.

हे उत्तर बरोबर नाही. तंजावरच्या बागेत वसंत आणि ग्रीष्म यांच्या सांध्यावर फुलणारे कंद आहेत. त्यांतील काही या भूमीचे पुरातन रहिवासी आहेत, काही सातासमुद्रांपलीकडून आलेले आहेत. कोणते आले, कोणते टिकले आणि कोणते कुजून गेले, यामागे एक निश्चित नियम आहे. तो नियम समजावून घेताना साडेतीन शतकांपूर्वी या मुलखात आलेल्या आपल्या समाजालाही आपली थोडीशी ओळख पटावी.

जमिनीतील पेव

शास्त्रज्ञ कंदांचे अनेक प्रकार करतात. पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेला तो खरा कांदा, सुरणासारखा भरीव तो गड्डा, आल्या-हळदीप्रमाणे जमिनीत आडवी वाढते ती गाठ. आपल्या बोलीने मात्र या साऱ्यांना ‘कंद’ या एका नावाखाली घेतले आहे, आणि बागाइताच्या दृष्टीने ते योग्यही आहे. कारण त्या सर्वांचे काम एकच. पूर्वी देशावर सुगीचे धान्य पेवात साठवून दुष्काळाची तरतूद करीत, तशीच ही तरतूद होय. अनुकूल ऋतूत पानांनी केलेली कमाई जमिनीखाली साठवावयाची, प्रतिकूल ऋतू आला की पाने टाकून देऊन निजावयाचे, आणि योग्य वेळ येताच त्या साठ्यावर फुलून यावयाचे.

या निद्रेमुळेच कंद हा प्रवासाला सोयीचा ठरला. शिडाच्या जहाजांच्या काळी युरोपातून हिंदुस्थानात यावयास कित्येक महिने लागत. जिवंत रोप आणावयाचे, तर त्याला गोडे पाणी हवे, ऊन हवे, आणि खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण हवे. लंडनच्या वॉर्ड नावाच्या वैद्याने १८२९ नंतर काचेच्या बंदिस्त पेटीची युक्ती प्रचारात आणीपर्यंत असंख्य रोपे वाटेतच मरत. कोरड्या कापडात गुंडाळलेल्या कांद्याला यांपैकी काहीच लागत नाही. तो निजलेला असतो.

परंतु प्रत्येक निजलेल्या कंदाला जागे होण्याची खूण ठरलेली असते. कोणाला दीर्घ थंडी हवी, कोणाला दीर्घ कोरड आणि मग पावसाची पहिली सर. ही खूण त्याच्या मूळ देशाच्या ऋतूंनी हजारो वर्षांत घडविलेली असते. कंद परमुलखात सहज नेता येतो, पण त्याचे घड्याळ त्याच्याबरोबर जाते. नव्या मुलखाच्या ऋतूंशी ते जुळले तर तो नांदतो, न जुळले तर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच संपतो.

दोन पावसांचे गणित

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची सत्ता घेतली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे कावेरीकाठी आली, त्यांना प्रथम जर काही उलटे वाटले असेल, तर ते येथले पर्जन्यमान. देशावर आणि कोकणात मृग नक्षत्रापासून पाऊस, आणि दसरा-दिवाळीपर्यंत आकाश निरभ्र. तंजावरला आषाढ-श्रावणात तुरळक सरी पडतात. खरा पाऊस ऐप्पसी आणि कार्तिगै या तामिळ महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. मृगाचे पाणी येथे आकाशातून नव्हे, तर नदीतून येते. कूर्ग व म्हैसूरकडील पाऊस कावेरीवाटे उतरतो. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाल्यापासून त्याचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात पडला आहे. पाण्याच्या साठ्याप्रमाणे ती तारीख मागे-पुढे होते.

महाराष्ट्रातील लहानमोठ्या कंदांची विश्रांती सामान्यतः कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत चालते. तंजावरला कार्तिकात वाफ्यांतून गुडघाभर पाणी उभे असते, आणि विश्रांतीचा कोरडा काळ पौष संपता संपता सुरू होतो. म्हणून येथील कंदाची झोप तोकडी, पण पुरेशी असते. फाल्गुनात माती तापते, चैत्र-वैशाखात एखाद-दुसरी वळवाची सर येते, आणि अग्निनक्षत्राचे ऊन सुरू होण्याच्या आगेमागे फुले वर येतात. हाच आमचा वसंत होय.

मूळचे रहिवासी

आपण येण्यापूर्वीच या भूमीवर नांदत असलेल्या कंदांत पहिला मान कळलावीचा. तामिळमध्ये हिला काँदळ म्हणतात, आणि तांबड्या जातीला सेंगाँदळ. संघकालीन कवी कपिलर याच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात नव्याण्णव फुलांची जी सुप्रसिद्ध यादी आहे, तिचा प्रारंभच या फुलाने होतो. तामिळ कवींनी तिच्या निमुळत्या, लालबुंद पाकळ्यांना स्त्रियांच्या बोटांची उपमा वारंवार दिली. आज हे तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे. आपल्या कोकणातही ही वेल पावसाळ्यात कुंपणाकुंपणांवर चढते आणि गौरीच्या दिवसांत फुललेली असते. कळलावी हे नाव मात्र तिच्या रूपावरून पडलेले नाही. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरीत, त्यावरून ते पडले. हा कंद अत्यंत विषारी आहे, त्याच्या सेवनाने मृत्यू ओढवतो. म्हणून घरात लहान मुले असतील तर तो लावू नये हे उत्तम, आणि लावल्यास हात लागणार नाही अशा जागी लावावा.

दुसरा नागदवणा. विहिरीच्या पाण्याची पन्हळ जेथे रिकामी होते, तेथे त्याची रुंद हिरवी पाने आणि पांढऱ्या, सुगंधी फुलांचे झुबके आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्याच्या वासाने साप येत नाही, ही समजूत कोकणात आहे. सापाचे साप जाणे. पण ओलाव्यात न कुजणारा आणि वर्षानुवर्षे एका जागी राहणारा असा दुसरा कंद क्वचितच सापडेल.

तिसरा भुईचाफा. हळदीच्या कुळातील हा कंद उन्हाळ्यात पानांचा मागमूस नसताना थेट जमिनीतून जांभळट-पांढरे, सुवासिक फूल वर काढतो आणि पाने मागाहून येतात. बर्फाळ देशातील क्रोकसचे जे नवल, तेच हे नवल आहे. फक्त क्रोकस थंडीतून जागा होतो आणि भुईचाफा कोरडीतून. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली या प्रजातीस केंफर नावाच्या जर्मन प्रवाशाचे नाव दिले.

येथे नावांची एक गंमत सांगितली पाहिजे. तामिळमध्ये ‘निलम्’ म्हणजे भूमी आणि ‘संपंगी’ म्हणजे चाफ्याच्या जातीचे सुवासिक फूल. आपल्या ‘भुईचाफा’ या शब्दाचे शब्दशः तामिळ भाषांतर करावयाचे तर ‘निलसंपंगी’ असे होते. हा शब्द तामिळमध्ये आहेच. परंतु तो भुईचाफ्याचे नाव नसून निशिगंधाचे आहे. तेव्हा तंजावरच्या फूलबाजारात आपला भुईचाफा भाषांतर करून मागाल, तर हाती निशिगंधाची फुले पडतील. दोन भाषांनी एकच कल्पना केली आणि ती दोन वेगळ्या कंदांना वाहिली.

किनाऱ्यावरचे परदेशी

आता पाहुण्यांकडे वळू. तंजावरच्या नायक राजांनी १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तरंगमबाडी येथे वस्तीची परवानगी दिली. १६५८ साली डच लोकांनी पोर्तुगीजांकडून नागपट्टणम् घेतले आणि १७८१ पर्यंत ते आपल्या हाती राखले. मराठी राजवटीचे पहिले शतक हे अशा प्रकारे डच आणि डेनिश शेजाऱ्यांच्या सान्निध्यात गेले.

हे डच म्हणजे कोण, हे बागकामाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. तुर्कस्तानातून युरोपात आलेला ट्यूलिप १५९४ साली लायडन येथील वनस्पतिउद्यानात फुलला, आणि पुढील चाळीस वर्षांत त्या देशाला या कांद्याचे असे वेड लागले, की न उगवलेल्या कांद्यांचे सौदे घरांच्या किमतीला होऊ लागले. १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला; पण कांद्यांचा व्यापार डचांनी सोडला नाही, आजही तो त्यांच्याच हाती आहे. अशा या राष्ट्राची वखार तंजावरपासून अवघ्या सुमारे नव्वद किलोमीटरांवर सव्वाशे वर्षे होती, आणि तरीही कावेरीच्या मातीत ट्यूलिप रुजला नाही.

याचे कारण त्या घड्याळात आहे. ट्यूलिपच्या कांद्यात फुलाचा दांडा लांबण्यासाठी त्याला सुमारे बारा ते सोळा आठवडे पाच ते नऊ अंश सेल्सियसची थंडी मिळावी लागते. तंजावरला पौषातील रात्रीही पारा सहसा वीस अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. ज्या थंडीची खूण तो मातीत शोधतो, ती येथे कधीच येत नाही. काश्मीरमध्ये ती आहे, म्हणून २००७ साली श्रीनगरला ट्यूलिपचे विस्तीर्ण उद्यान उभे राहू शकले.

प्रस्तुत लेखकाने हे सारे पुस्तकात वाचले होते, तरी हौस कोणाला सोडते! काही वर्षांपूर्वी हायसिंथचे सहा कांदे मागविले. घरच्या शीतकपाटात भाजीच्या कप्प्याखाली आठ आठवडे ठेवले. घरच्या मंडळींनी त्यांतील एक फोडणीला घेतला नाही, हेच नशीब. कारण हाही कांदा विषारी आहे. मार्गशीर्षात कुंडीत लावल्यावर पाने टरारून आली, परंतु फुलांचा घोस पानांच्या बेचक्यातच अडकून राहिला आणि तेथेच वाळला. पुढील वर्षी कुंडी उकरली, तर कांद्यांच्या जागी काळा, दुर्गंधी चिखल होता. चूक कांद्याची नव्हती आणि मातीचीही नव्हती.

सोनटक्का आणि शरभोजी महाराज

डचांचा ट्यूलिप येथे रुजला नाही. पण तरंगमबाडीच्या वसाहतीतून दुसरे एक बीज तंजावरला पोहोचले, ते वनस्पतिविद्येचे. लिनीअसचा शिष्य योहान गेरहार्ड कोएनिग हा १७६८ साली वैद्य म्हणून तरंगमबाडीस आला आणि १७८५ साली मृत्यू येईपर्यंत हिंदुस्थानातच वावरला. सयाम-मलाक्कापर्यंत प्रवास करून त्याने हळद-आल्याच्या कुळातील वनस्पतींची जी वर्णने लिहिली, ती १७८३ साली युरोपात प्रसिद्ध झाली. त्यांतच एका शुभ्र, सुगंधी फुलाच्या कंदाला त्याने ग्रीक भाषेतील ‘गोड’ आणि ‘हिम’ या दोन शब्दांवरून नाव दिले. ते फूल म्हणजे आपला सोनटक्का! आजही त्याच्या शास्त्रीय नावापुढे कोएनिगचे नाव लिहिले जाते. ज्याने तंजावर प्रांताच्या किनाऱ्यावर पहिले हिंदुस्थानी झाड पाहिले, त्यानेच आपल्या गौरी-गणपतीच्या दिवसांतील फुलाचे शास्त्रीय बारसे केले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

कोएनिगच्या सहवासात आलेला रॉटलर हा मिशनरी १७७६ साली तरंगमबाडीस आला. तोही वनस्पती जमविणारा होता, आणि पुढे मद्रासला राहून त्याने मोठा तामिळ-इंग्रजी कोश रचला. याच मंडळींपैकी श्वार्ट्‌झ हे तंजावरला स्थायिक झाले आणि बाल शरभोजींचे पालक व शिक्षक झाले.

शरभोजी महाराज १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि महाराजांची सत्ता तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतचा परिसर एवढ्यापुरती उरली. दुसरा एखादा राजा अशा वेळी शिकार आणि नाचरंग यांत रमला असता. महाराजांनी आपले उरलेले आयुष्य आणि द्रव्य ग्रंथसंग्रहाला, वैद्यकाला आणि निसर्गाच्या अभ्यासाला दिले. वनस्पती, पशू व पक्षी यांची रंगीत चित्रे त्यांनी चितारवून घेतली. १८२६ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला चार दिवस राहिले. लाव्हॉझिए, ब्यूफाँ, लिनीअस यांची वचने सहजपणे सांगणारा हिंदू राजा पाहून ते थक्क झाले, आणि तसे त्यांनी पत्रात लिहून ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्लीस हेबर यांचे निधन झाले.

लिनीअसची वचने सांगणे म्हणजे काय, याचा आपण विचार करावा. एका वनस्पतीला गावोगावी निरनिराळी नावे असतात. तिला एक निश्चित नाव देऊन तिची ओळख हरवू न देणे, हे लिनीअसच्या शास्त्राचे सार होय. तामिळ प्रजेत राहून मराठी बोलणाऱ्या, मोडीत दप्तर ठेवणाऱ्या आणि संस्कृत, तेलुगू व इंग्रजी ग्रंथ जमविणाऱ्या राजाला या शास्त्राचे आकर्षण वाटले, यात नवल नाही. नावे निसटून गेली तर काय निसटते, हे तंजावरकराला सांगावे लागत नाही.

जे पाहुणे घरचे झाले

मग या मातीत नांदले ते परदेशी कंद कोणते? सर्वांत थोर मान निशिगंधाचा. हा मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच ॲझ्टेक लोक त्याची लागवड करीत असत. आज तो रानात आढळत नाही, केवळ माणसाच्या हातून हातात जात राहिला आहे. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि युरोपीयांच्या जहाजांतून आपल्याकडे आला. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्या प्रजातीत नेऊन बसविले आहे. कोरडीवर मात करणाऱ्या त्या काटक कुळाशी त्याचे नाते पाहता, कावेरीकाठचे ऊन त्याला का मानवले हे उघड होते. त्याला थंडी नको. निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन पुरे. आज तामिळनाडूत त्याची मोठी शेती होते, आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेने ‘शृंगार’, ‘प्रज्वल’, ‘सुवासिनी’, ‘वैभव’ अशा त्याच्या नव्या जाती दिल्या आहेत. देवळातील हार असो वा लग्नमंडप, या मेक्सिकन पाहुण्यावाचून पान हलत नाही. आणि तो पाहुणा आहे याची आठवणही कोणाला उरलेली नाही.

दुसरा, ज्याला आपण नुसते ‘लिली’ म्हणतो तो तांबडा, कर्ण्यासारख्या फुलाचा कांदा. याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतील. त्याचा पहिला प्रसिद्ध संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यातील जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने घडविला. महाराजांचे राज्य ज्या वर्षी गेले, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे हर्बर्ट या धर्मोपदेशकाने या कुळाचा अभ्यास करून १८३७ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पहिल्या वळवानंतर रातोरात फुलणाऱ्या गुलाबी व पांढऱ्या पर्जन्य-लिलीला ‘पश्चिम वाऱ्याचे फूल’ या अर्थाचे शास्त्रीय नाव देणाराही हाच. आणि तिसरा, मे महिन्यात चेंडूसारखा तांबडा गोल घेऊन येणारा आफ्रिकेचा कांदा, ज्याला मुले ‘फुटबॉल लिली’ म्हणतात.

या सर्वांत समान गोष्ट एकच. त्यांच्या मायदेशी वर्षाचा एक भाग ओला आणि एक कोरडा असतो. ते झोपतात ते कोरडीमुळे, थंडीमुळे नव्हे. तंजावरने त्यांना जी कोरड दिली ती आखूड होती, ज्या महिन्यांत दिली ते महिने वेगळे होते. पण खूण ओळखीची होती. त्यांनी आपले महिने बदलले, स्वभाव बदलला नाही, आणि ते येथलेच झाले.

तंजावरच्या बागाइतासाठी

इतिहासावरून प्रत्यक्षाकडे येऊन चार गोष्टी सांगणे अप्रस्तुत होणार नाही. महाराष्ट्रातील बागकामाची पुस्तके मृगाला कंद लावावयास सांगतात. तंजावरला ते वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही. येथील कंदाचा खरा शत्रू ऊन नसून ऐप्पसीतील साचलेले पाणी होय. त्रिभुज प्रदेशाची आपली माती चिकण आहे. म्हणून वाफा वीतभर उंच करावा, मातीत नदीची वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि लिलीचा कांदा त्याची मान मातीच्या वर राहील असा लावावा. मान बुडाली की कूज धरते.

पाऊस थांबला, की पौषापासून लिलीचे पाणी हळूहळू तोडावे. पाने पिवळी पडतील. ती हिरवी असता कापू नयेत, कारण तीच पेव भरीत असतात. संक्रांतीच्या सुमारास गर्दी झालेले कांदे उकरून, पिल्ले वेगळी करून, सावलीत सुकवून पुन्हा लावावेत. फाल्गुनाच्या अखेरीस पाणी सुरू केले, की चैत्र-वैशाखात मोठे कांदे फुलावर येतात. या कुळाच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पडतात. दोन दिवसांत पाने फस्त होतात आणि अळ्या मानेतून कांद्यात शिरतात. सकाळी हाताने वेचून काढणे हाच उत्तम उपाय.

ढिगाऱ्यातील कांदे

शिवाजी महाराज १८५५ साली निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. दरबारावर अवलंबून असलेली कुटुंबे नोकरीसाठी मद्रास, त्रावणकोर, म्हैसूर, बडोदा अशी पांगली. १८७१-७२ मध्ये नगरपालिकेने शिवगंगेच्या परिसरात सार्वजनिक उद्यान केले. राजाची बाग जाऊन नागरिकांची बाग आली. ज्या घरांत मराठी टिकली, त्या घरांच्या परसांत हे कंदही टिकले. आता तीही घरे एकामागून एक विकली जात आहेत, आणि त्यांच्या जागी परस नसलेल्या इमारती उभ्या राहत आहेत.

काही काळापूर्वी अशाच एका जुन्या घराची जागा साफ होत होती. घराची मंडळी दोन पिढ्यांपूर्वीच मद्रासला गेलेली. विटामातीच्या ढिगाऱ्यात लिलीचे कांदे उघडे पडलेले दिसले. मजुरांना विचारून पिशवीभर उचलून आणले. मोजले तर चाळीसाहून अधिक भरले. कित्येक वर्षे त्यांना कोणी पाणी घातले नव्हते, खत दिले नव्हते. पावसाने दिले तेवढ्यावर जगत, पिल्ले घालीत ते तेथेच राहिले होते. वाफ्यात लावले. दुसऱ्या चैत्रात त्यांतील अकरा कांदे फुलले. शेजारच्या तामिळ आजीबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, की हे फूल त्या मराठी घराच्या अंगणात त्यांनी लहानपणी पाहिले होते. घराच्या मालकांचे नाव त्यांना आठवेना, पण फूल आठवत होते.

हा प्रसंग घडल्यापासून एक गोष्ट मनात घोळत आहे. आपली नातवंडे निशिगंधाला ‘संपंगी’ म्हणतात, यात वाईट काहीच नाही. तो त्यांच्या गावचा शब्द आहे. परंतु भुईचाफा, सोनटक्का, नागदवणा, कळलावी ही नावे जर त्यांच्या कानांवरून गेलीच नाहीत, तर ती झाडे समोर असूनही अनोळखी राहतील. शरभोजी महाराजांच्या ग्रंथालयाचे रक्षण करावयास शासन आहे, विद्वान आहेत. परसातल्या नावांचे रक्षण करावयास आपल्यावाचून कोणी नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक लहानशी सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या भगिनी वाण लुटतात. अलीकडे ते बहुधा प्लास्टिकच्या डब्यांचे असते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या वाफ्यांतील कांदे निजलेले असतात, काढावयास आणि वाटावयास योग्य असतात. येत्या वर्षापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला एकेक कांदा वाण म्हणून द्यावा, आणि बरोबरच्या चिठ्ठीवर त्याचे मराठी नाव, तामिळ नाव आणि तो कोणाच्या परसातून आला ते लिहावे. विषारी कंद तेवढे वगळावेत, आणि लिलीचाही कांदा खाण्याचा नव्हे, हे चिठ्ठीत नमूद करावे. घरोघर कुंडी एवढी जागा तर आहेच. सगळे कांदे पहिल्या वर्षी फुलणार नाहीत. लहान पिल्लांना दोन-तीन वर्षे लागतात. पण मोठ्या कांद्यांतील काही चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत फुलावर येतील, आणि परदेशातून मुलाबाळांची छायाचित्रे येतील तेव्हा आपल्यापाशीही उलट पाठविण्यास एक छायाचित्र असेल, खाली नाव लिहिलेले.